दोन जुने कॉम्प्युटर मोडेमने जोडताना अडलं तर कुठून बघायचं

देवगडला मामांच्या कलमांच्या बागेत पॅकिंग शेड आहे, तिथे एक ४८६, म्हणजे पेंटियमच्याही आधीचा कॉम्प्युटर आहे, डॉसवर फॉक्सप्रोचा प्रोग्राम चालतो, रोज किती पेट्या भरल्या, कुठल्या गाडीने गेल्या, वाशीच्या दलालाची पट्टी काय आली हे सगळं त्यात. घरी पेंटियम आहे विंडोज ९८ वाला. इतकी वर्षं फ्लॉपीवर ने-आण चालायची, पण आपल्याकडच्या दमट हवेत फ्लॉपीला बुरशी धरते, ती बुरशी ड्राइव्हच्या हेडला लागते, मग चांगली फ्लॉपी घातली तरी ती पण खराब होते, आणि शेवटी दोन्हीकडचे ड्राइव्ह गेले. युएसबी नाही, नेटवर्क कार्ड नाही. ४८६ ची हार्ड डिस्क सुरू व्हायलाच कुरकुरते म्हणून ते मशीन हलवायचं नाही असं ठरलेलं. शेड ते घर जुनी इंटरकॉमची दोन तारांची जोडी मात्र होती, साधारण ३०० मीटर, आणि दोन एक्सटर्नल मोडेम, म्हणजे कॉम्प्युटरचा डेटा आवाज करून फोनच्या तारेवरून पाठवणारी, बाहेरून जोडायची यंत्रं, पडून होते. त्यावर जोडलं आणि चाललं. पण चालायच्या आधी जे जे अडलं ते सगळं लिहून ठेवतोय, कारण किनाऱ्याला अजून बऱ्याच जणांकडे अशी मशिनं आहेत आणि त्यात वीस-पंचवीस वर्षांचा हिशोब अडकलाय, तो जाऊ नये असं मला मनापासून वाटतं.

एक आधीच सांगतो, कमांड मी देवनागरीत लिहिल्यात, टाइप करताना इंग्रजी अक्षरं आणि इंग्रजी आकडे टाका.

मुख्य गोष्ट ही की "कनेक्ट होत नाही" हा एक प्रॉब्लेम नसतो, ते चार वेगळे असतात. कॉम्प्युटर ते त्याचा मोडेम, मोडेम ते तार, मोडेम ते पलीकडचा मोडेम, आणि शेवटी इकडचा प्रोग्राम ते तिकडचा प्रोग्राम. आधी कुठपर्यंत पोचतंय ते बघायचं आणि तिथेच थांबून तेवढंच नीट करायचं. लोक काय करतात, केबल पण बदलतात, स्पीड पण बदलतात, ड्रायव्हर पण नवीन टाकतात, सगळं एकदम, आणि मग चाललं तरी कशाने चाललं कळत नाही आणि परत बंद पडलं की पुन्हा पहिल्यापासून.

पण त्याच्याही आधी, आणि हे कोकणातल्या माणसाने पहिलं करायचंच, सगळे कनेक्टर काढून डोळ्याने बघा. खाऱ्या हवेने पिनांवर हिरवट थर येतो, वरून लावलेलं असतं घट्ट पण आत कॉन्टॅक्ट नाही. माझ्याकडे मोडेमच्या टेलिफोन जॅकमधल्या चार बारीक तारांपैकी मधली एक पूर्ण हिरवी झाली होती आणि मी दोन दिवस सेटिंग बदलत बसलो होतो. आयसोप्रोपिल अल्कोहोल, कान साफ करायची काडी आणि मऊ ब्रश घ्या, इंटरनल मोडेम असेल तर कार्ड काढून खालची सोनेरी पट्टी खोडरबराने हलक्या हाताने घासा, मग दोन-तीनदा घालून काढून बसवा. भिंतीवरची टेलिफोनची डबी पण उघडा, आत मुंग्यांचं घर किंवा पालीची अंडी हमखास निघतात. आणि ४८६ उघडलंच आहे तर बोर्डावरची बॅटरी बघा, निळी किंवा हिरवी नळीसारखी असेल तर ती निकल कॅडमियमची, ती गळते आणि बोर्डाच्या तारा खाते. गळत असेल तर काढून टाका, पण काढायच्या आधी बायोसमध्ये (मशिन सुरू होताना उघडता येणारं सेटिंग) जाऊन हार्ड डिस्कचे सिलिंडर, हेड, सेक्टर हे आकडे कागदावर लिहून घ्या, बॅटरी काढली की ते विसरलं जातं आणि मग डिस्क बूट होत नाही.

आता पहिला टप्पा. टर्मिनल प्रोग्राम उघडा. विंडोज ९५ पासून एक्सपीपर्यंत हायपरटर्मिनल असतं (व्हिस्टापासून काढलं), विंडोज ३.१ मध्ये टर्मिनल नावाचाच प्रोग्राम आहे, डॉसला टेलिक्स, प्रोकॉम नाहीतर करमिट. पोर्ट निवडा आणि एटी टाइप करून एंटर मारा. ओके आलं तर कॉम्प्युटर आणि मोडेम बोलतायत, हा टप्पा झाला, पुढे चला. काहीच दिसत नसेल तर कदाचित एको, म्हणजे टाइप केलेलं मोडेमने परत दाखवणं, बंद असेल, न दिसताच एटीई१क्यू०व्ही१ टाइप करून एंटर मारा, बऱ्याचदा एवढ्यानेच ओके येतं. प्रत्येक अक्षर दोनदा दिसत असेल तर प्रोग्राममधला लोकल एको बंद करा, तो काही बिघाड नाही.

तरी काही नाही, तर पोर्टच मेलाय का बघायचं. मोडेम काढा, ९ पिनच्या पोर्टची २ आणि ३ नंबरची पिन एका बारीक तारेने जोडा, फ्लो कंट्रोल (थांब-पाठव सांगायची पद्धत) नन करा आणि लोकल एको बंद ठेवून काहीतरी टाइप करा, टाइप केलेलं परत स्क्रीनवर आलं तर पोर्ट जिवंत आहे, तार काढली की यायचं बंद झालं पाहिजे. पोर्ट जिवंत आणि मोडेम गप्प तर केबल किंवा मोडेमचा अॅडॅप्टर. अॅडॅप्टरकडे लक्ष द्या, काही मोडेमना ९ व्होल्ट एसी लागतो काहींना डीसी, प्लग दिसायला सारखाच, मोडेमच्या पोटाखाली लिहिलेलं असतं ते वाचूनच लावा.

जुन्या मशिनचा खास आजार म्हणजे आयआरक्यूची भांडणं. कॉम म्हणजे सिरीयल पोर्ट, आणि आयआरक्यू म्हणजे त्याला प्रोसेसरला हाक मारायला दिलेला नंबर. कॉम १ आणि कॉम ३ दोघांना आयआरक्यू ४, कॉम २ आणि कॉम ४ ला आयआरक्यू ३. माऊस कॉम १ वर आणि इंटरनल मोडेम कॉम ३ वर असेल तर मोडेमने डायल केलं की माऊस गोठतो, किंवा माऊस हलवला की मोडेम लटकतो. उपाय, बायोसमध्ये जाऊन बोर्डावरचा कॉम २ बंद करा आणि मोडेमच्या कार्डावरचे जंपर कॉम २, आयआरक्यू ३ वर लावा. एक्सटर्नल मोडेम असेल तर ही कटकटच नाही, म्हणून जुन्या मशिनला मी एक्सटर्नलच सांगतो. शिवाय नंतर आलेले बरेच पीसीआय मोडेम हे विनमोडेम, त्यांचं अर्धं काम विंडोजचा ड्रायव्हर करतो, डॉसमध्ये ते चालतच नाहीत, त्यावर वेळ घालवू नका.

आणि यूआर्ट बघा, म्हणजे पोर्टची चिप. डॉस ६ मध्ये एमएसडी चालवलं की कॉम पोर्टखाली चिपचं नाव येतं. ८२५० किंवा १६४५० असेल तर त्यात एकच बाइट मावतो, कॉम्प्युटर जरा कुठे गुंतला की पुढचा बाइट आधीच्यावर येऊन पडतो, अशा पोर्टला ९६०० नाहीतर फार तर १९२०० लावा. १६५५०ए असेल तर १६ बाइटचा बफर आहे, ५७६०० बिनधास्त लावा. हा झाला कॉम्प्युटर आणि मोडेममधला स्पीड, तारेवरचा स्पीड वेगळा असतो, तो दोन मोडेम आपापसात ठरवतात, या दोघांची गल्लत खूप होते.

दुसरा टप्पा, तार. आमच्यासारखी स्वतःची जोडी असेल तर मल्टिमीटर घ्या. शेडकडची दोन्ही टोकं मोकळी सोडा आणि घराकडे रेझिस्टन्स मोजा, काहीच दाखवलं नाही पाहिजे, काही किलोओहम दाखवले तर कुठेतरी ओल शिरून दोन तारांत करंट झिरपतोय. मग शेडकडे दोन्ही टोकं एकत्र पिळा आणि परत मोजा, अर्ध्या मिलिमीटरच्या तांब्याच्या जोडीला किलोमीटरला साधारण १७० ओहम धरा, म्हणजे ३०० मीटरला ५० च्या आसपास. आम्हाला आधी ४०० आले. जोडीवर तीन ठिकाणी सांधे होते, फणसाच्या खोडाजवळचा सांधा नुसता पिळून काळी टेप गुंडाळलेला, आत तांब्याची पूड झालेली. कापून नवीन सोल्डर केला, वर व्हॅसलिन लावून स्लीव्ह चढवली, ५५ वर आलं. पावसाळ्यात परत बघायला लागणार हे धरून चाला.

असली जोडी कधीही चालू टेलिफोन लाइनच्या डबीत जोडू नका. लाइनवर ४८ व्होल्ट डीसी असतो आणि घंटी वाजते तेव्हा त्याहून बराच जास्त एसी येतो, चिमटा तर बसतोच आणि लाइन पण आपल्या मालकीची नसते.

तिसरा टप्पा, मोडेम ते मोडेम, खरी गंमत इथे आणि खरं डोकं पण इथेच लागतं. मध्ये एक्सचेंज नाही म्हणजे डायलटोन नाही आणि घंटी पण नाही. साधं डायल केलं की नो डायलटोन येणारच. म्हणून घरच्या बाजूला एटीएक्स३डी द्यायचं, एक्स३ म्हणजे डायलटोनची वाट बघू नको, आणि डीच्या पुढे नंबर नाही. शेडकडे एटीए, म्हणजे फोन उचल. दोन्ही काही सेकंदांच्या आत. मोडेम किंचाळायला लागतात आणि नीट जमलं तर दोन्हीकडे कनेक्ट आणि पुढे स्पीडचा आकडा येतो. बरेच जण शेडकडे एटीएस०=१ लावून ठेवतात, ऑटो आन्सर, आणि उचलत का नाही म्हणून डोकं धरून बसतात. ऑटो आन्सर घंटी मोजून उचलतो, इथे घंटीच नाही तर उचलणार कसा, एटीए हातानेच द्यावं लागतं.

काही मोडेमना मात्र तारेवर थोडा करंट लागतो, नसेल तर त्यांना लाइन जोडलीच नाही असं वाटतं. तेव्हा दोन तारांपैकी एकीच्या मध्ये ९ व्होल्टची चौकोनी बॅटरी आणि साधारण ३०० ते ४०० ओहमचा रेझिस्टर सिरीजमध्ये टाका. माझ्या जोडीला बॅटरीशिवाय चाललं, म्हणून आधी तशीच ट्राय करा.

पहिल्या संध्याकाळी मामा शेडमध्ये मी घरी, मोबाइलवर बोलत करत होतो. मामा म्हणाले, "आवाज तर येता रे, पण फुडे काय होना नाय." म्हणजे मोडेम किंचाळतात, मिनिटभर, आणि मग नो कॅरियर, म्हणजे पलीकडच्या मोडेमचा सिग्नल मिळाला नाही. हे झालं तर समजा की तार पोचतेय पण दोघांचं स्पीडवर जमत नाही किंवा वेळ पुरत नाही. दोन गोष्टी करा. एटीएस७=९० द्या, एस७ म्हणजे कॅरियरसाठी किती सेकंद थांबायचं, बऱ्याच मोडेममध्ये मुळात ५० असतं. आणि स्पीड खाली आणा, यूएस रोबोटिक्सच्या मोडेमला एटी&एन६ दिलं की ९६०० वरच बोलतो, एटी&एन८ दिलं की १४४००, इतर कंपन्यांची कमांड वेगळी असते ती पुस्तिकेत बघा. आम्ही १४४०० ला बांधलं, पहिल्याच फटक्यात कनेक्ट, मग फणसाचा सांधा नीट केल्यावर मोकळं सोडलं तर ३३६०० आलं.

५६के का येत नाही हे विचारू नका, मोडेमवर छापलेलं असलं तरी. दोन साधे अॅनालॉग मोडेम एकमेकांशी ३३६०० च्या वर जाऊच शकत नाहीत, ५६के साठी एका बाजूला एक्सचेंजला थेट डिजिटल जोडलेली यंत्रणा लागते, ती इंटरनेट कंपनीकडे असायची. भारतात १५ ऑगस्ट १९९५ ला व्हीएसएनएल या सरकारी कंपनीने लोकांसाठी इंटरनेट चालू केलं आणि नंतर घरोघरी जे ५६के चे मोडेम आले ते त्या कामाचे.

खरोखरच्या फोन लाइनवरून दुसऱ्या गावी जोडत असाल, म्हणजे देवगडहून वेंगुर्ल्याला वगैरे, तर थोडं वेगळं. बाहेरच्या देशाचा मोडेम आपल्या एक्सचेंजचा डायलटोन ओळखत नाही कधीकधी, कानाला टोन येतोय आणि मोडेम म्हणतो नाही, तिथे पण एटीएक्स३ चालतं. त्याच लाइनवर दुसरा फोन पॅरलल असेल तर तो काढून ठेवा, आतून कोणी रिसीव्हर उचलला की संपलं. कॉल वेटिंग बंद करून घ्या, तो टुक आवाज आला की मोडेमला वाटतं कॅरियर गेला. नाहीच बंद होत तर एटीएस१०=५० द्या, एस१० हे सेकंदाच्या दहाव्या भागात असतं, म्हणजे पाच सेकंद कॅरियर गेला तरी फोन ठेवायचा नाही. आणि हल्ली लाइन फायबरवरून येत असेल तर आवाज पॅकेट करून जातो, मोडेमला ते झेपत नाही, तिथे ९६०० वर बांधा, जमलं तर जमलं.

मोडेम ओके देतो, लाइन चांगली आहे, फोन लावून टोन येतो, आणि तरी एक्स३ देऊनही क्लिकसुद्धा ऐकू येत नाही, तर बहुतेक त्याची लाइनकडची बाजू विजेने गेलीय. आपल्याकडे मे मधल्या वळवात आणि ऑक्टोबरच्या परतीच्या पावसात हे होतंच होतं, वीज फोनच्या तारेतून येते, कॉम्प्युटरकडची बाजू वाचते आणि लाइनकडची जळते, म्हणून ओके येत राहतं आणि माणूस फसतो. गडगडायला लागलं की लाइटच्या प्लगआधी फोनची तार काढा.

चौथा टप्पा, कनेक्ट झालं पण फाइल नीट येत नाही. दोन्हीकडे ८एन१, म्हणजे ८ बिट, पॅरिटी नाही, १ स्टॉप बिट. फ्लो कंट्रोल दोन्हीकडे हार्डवेअर, म्हणजे आरटीएस सीटीएस. एक्सऑन एक्सऑफ अजिबात नको, तो १७ आणि १९ नंबरची अक्षरं स्वतःच्या इशाऱ्याला वापरतो आणि डीबीएफ (फॉक्सप्रोची डेटा फाइल) किंवा झिप फाइलमध्ये ती अक्षरं डेटा म्हणून येतात, मग ट्रान्सफर मध्येच थांबतं नाहीतर फाइल गळकी येते. आणि इथे मराठीवाल्यांसाठी एक महत्त्वाचं. जुन्या प्रोग्राममध्ये मराठी नावं इस्कीमध्ये, म्हणजे युनिकोडच्या आधीच्या भारतीय लिप्यांच्या नंबर-पद्धतीत असतात, इस्कीची देवनागरी अक्षरं सगळी १६० च्या वरच्या नंबरांत आहेत, म्हणजे आठवा बिट लागतोच. सेटिंग चुकून ७ई१ (७ बिट, इव्हन पॅरिटी, १ स्टॉप बिट) राहिलं आणि साधा टेक्स्ट पाठवला तर इंग्रजी आणि आकडे अगदी बरोबर येतात आणि मराठी नावांच्या जागी कचरा येतो. आमच्याकडे पेट्यांचा हिशोब बरोबर आणि बागायतदारांची नावं सगळी गेलेली, मला वाटलं फॉन्टचा घोळ आहे, तर तो हा सातवा-आठवा बिटचा होता.

फाइल पाठवायचा प्रोटोकॉल झेडमोडेम घ्या, दोन्हीकडे असेल तर. लाइन तुटली तरी राहिलं तिथून पुढे चालू करता येतं. विंडोज ३.१ च्या टर्मिनलमध्ये फक्त एक्समोडेम आणि करमिट आहे, तिथे करमिट बरा, एक्समोडेम शेवटच्या १२८ बाइटच्या तुकड्यात भर घालतो त्यामुळे फाइलची साइज थोडी वाढलेली दिसते. ३३६०० ला सेकंदाला साधारण ३३६० बाइट धरा, म्हणजे एक फ्लॉपीभर माल सात-आठ मिनिटांत, ९६०० ला पंचवीस-सव्वीस.

दोन्ही मशिनं एकाच खोलीत आणता येत असतील तर मोडेमची गरजच नाही, नल मोडेम केबल, म्हणजे दोन सिरीयल पोर्ट थेट जोडणारी केबल करा, सिरीयल केबल १५ मीटरपर्यंत चालते. ९ पिन ते ९ पिन, २ ला ३, ३ ला २, ५ ला ५, ७ ला ८, ८ ला ७, ४ ला ६, ६ ला ४. एका बाजूला २५ पिन असेल तर लोक इथे चुकतात, २५ पिनमध्ये २ आणि ३ आधीच उलटे असतात म्हणून ९ कडून २५ कडे २ ला २, ३ ला ३, ५ ला ७, ७ ला ५, ८ ला ४, ४ ला ६, ६ ला २०. आणि २५ छिद्रांचा तो प्रिंटरचा पोर्ट, सिरीयलला २५ खिळे असतात. जुन्या मशिनवर कुठलाच टर्मिनल प्रोग्राम नाही आणि फ्लॉपी पण नाही अशी पंचाईत असेल तर डॉस ६ चा इंटरसर्व्हर दुसऱ्या मशिनवर इंटरसर्व्हर स्लॅश आरकॉपी असा चालवा, तो याच सात तारांच्या केबलवरून स्वतःला पलीकडे कॉपी करतो, पलीकडे फक्त मोड कमांड असली पाहिजे, टाइप काय करायचं ते तो स्क्रीनवर सांगतो.

फाइल पाठवायच्या आधी पीकेझिपने बांधा आणि घरी आल्यावर पीकेअनझिप वजा टी देऊन तपासा, प्रत्येक नावासमोर ओके आलं पाहिजे, एकही सीआरसीची (फाइल जशीच्या तशी आली का त्या तपासणीची) चूक आली तर परत मागवा. आम्ही सीझनभर रोज रात्री आठला हेच करतो, मामा शेड बंद करताना एटीए देतात, मी नसलो तर मामी घरून एटीएक्स३डी देते, तिला आता किंचाळण्याच्या आवाजावरूनच कळतं की ३३६०० ला जोडलं की तारेत ओल आहे. झिप तपासून त्यातली डीबीएफ उघडून शेवटच्या ओळीची पेटी आणि आजची शेवटची पेटी जुळते का बघायची, आणि ते जुळेपर्यंत शेडच्या मशिनवरचं काहीच डिलीट करायचं नाही.